भिंत आली आणि जमीन हलली

‘टेकन’चे जुने खेळाडू एकत्र बसले आणि मालिकेतला फसलेला भाग कोणता असा विषय निघाला, की चौथ्या भागाचं नाव यायला वेळ लागत नाही. २००१ साली आर्केडमध्ये आणि २००२ साली प्लेस्टेशन २वर आलेला ‘टेकन ४’. आधीचा ‘टेकन ३’ लोकांनी डोक्यावर घेतला, नंतरचा ‘टेकन ५’ही घेतला. मधला हा मात्र राहिला तो राहिलाच. त्याच्यावरचा आरोप ठरलेला आहे: नॅमको कंपनीने बसलेली घडी उगाच विस्कटली.

मला निकाल मान्य आहे, आरोप मान्य नाही. ‘टेकन ४’ फार बदलला म्हणून फसला, हे खरं नाही. बदलायला घेतलं आणि काम अर्ध्यावर सोडलं, म्हणून फसला. खेळायची जागा नवी आणली, पण त्या जागेत कुठला मार किती महाग पडावा याचा हिशेब नीट बसवला नाही. त्यातली जी कल्पना खरोखर मोठी होती, तिच्या जोडीने एक वाईट कल्पना आली आणि दोघींची बदनामी एकत्रच झाली. सुक्याबरोबर ओलं जळतं ते असं.

हे पटवायचं तर मारामारीच्या खेळाचा ‘पुढचा भाग’ हे मुळात काय प्रकरण असतं ते आधी बघायला हवं. कादंबरीचा दुसरा खंड रद्दी निघाला तरी पहिल्याचं एक पानही फाटत नाही. सिनेमाचंही तेच. दुसरा भाग आवडला नाही तर माणूस पहिला पुन्हा लावतो आणि मजेत बघतो. मारामारीचा खेळ मात्र दोघांनी खेळायचा असतो. नवा भाग आला की स्पर्धा त्याच्यावर भरतात, आर्केडवाला जुनं यंत्र हलवून तिथे नवं बसवतो, मित्र नवी डिस्क घेऊन येतो. जुना भाग कपाटात सुखरूप असतो, पण समोर बसणारा माणूस निघून गेलेला असतो. म्हणजे पुढचा भाग काढणारी कंपनी नवी वस्तू विकतेच, वर जुनी वस्तू न विचारता परतही नेते. म्हणून अशा खेळाच्या फसलेल्या भागाबद्दल लोक बोलतात तेव्हा त्यात निराशेपेक्षा बेदखल झाल्याचा राग जास्त असतो.

आणि परत नेलं जातं ते काय? हातांची सवय. ‘टेकन’ची चार बटणं म्हणजे चार अवयव. चौकोन डावा हात, त्रिकोण उजवा हात, फुली डावा पाय, गोल उजवा पाय. पाच मिनिटांत शाळकरी पोराला कळेल इतकं सरळ. पण याच चार बटणांच्या पोटात काय काय आहे ते एका ठोशावरून बघा. मिशिमा घराण्यातले काझुया आणि हेइहाची यांचा एक वर उसळणारा ठोसा आहे. दिशेचं बटण पुढे, मग सोडायचं, मग खाली, मग खाली-पुढे तिरकं आणि उजवा हात. खेळ सेकंदाला साठ फ्रेमच्या वेगाने चालतो. ती तिरकी दिशा आणि उजव्या हाताचं बटण एकाच फ्रेममध्ये पडलं तर मुठीभोवती वीज चमकते, आणि समोरच्याने ठोसा अडवला तरी मारणाऱ्याला काही भोगावं लागत नाही. एक फ्रेम चुकली की वीज गेली. ठोसा दिसायला जवळपास तोच, पण आता तो अडवला गेला तर उलट मार खायची पाळी. सेकंदाचा साठावा भाग! हे विचार करून जमत नाही, मनगटात मुरावं लागतं. महिनोन् महिने सराव करून एखाद्याने ते कमावलेलं असतं, आणि पुढच्या भागात काय टिकेल आणि काय जाईल हे भलताच कुणी तरी टोकियोतल्या कचेरीत बसून ठरवतो.

तरी लोक बदलाला सरसकट विरोध करतात असंही नाही, आणि याचा पुरावा ‘टेकन ३’च आहे. १९९७ साली आर्केडमध्ये आणि १९९८ साली पहिल्या प्लेस्टेशनवर आलेल्या या भागाने काय कमी उलथापालथ केली? कथा एकदम १९ वर्षं पुढे ढकलली. ज्याच्याभोवती पहिले दोन भाग फिरले तो काझुयाच काढून टाकला. जुन्यांच्या जागी त्यांची मुलं, शिष्य, वारस आणून बसवले. चंद्रावर असल्यासारख्या लांबलचक उड्या आखूड केल्या आणि बाजूला पाऊल टाकून मार चुकवायची सोय सगळ्यांना दिली, म्हणजे तोवर मागेपुढेच चालणारी लढाई खऱ्या अर्थाने तिन्ही बाजूंनी मोकळी झाली. लोक चिडले का? ८० लाखांहून जास्त प्रती खपल्या.

आपल्याकडे त्या खपाच्या आकड्यात भर घालणारे थोडेच, कारण अस्सल डिस्क विकत घेणारेच थोडे. पण तासाच्या दराने चालणाऱ्या व्हिडिओ गेम पार्लरांत, नंतर कॉम्प्युटरवरच्या इम्युलेटरवर आणि त्याही नंतर थेट मोबाइलवर ‘टेकन ३’ इतका खेळला गेला की एका पिढीसाठी ‘टेकन’ म्हणजे तोच. ब्राझिलियन कापोएराने गिरक्या घेत लाथा मारणारा एडी गोर्डो आठवतो ना? पायांची दोन बटणं आंधळेपणाने बडवली तरी तो भल्याभल्यांना लोळवायचा. ‘एडी घेतलास तर मी खेळत नाही’ ही धमकी किती मैत्र्यांनी पचवली असेल! ‘टेकन ४’ मात्र आपल्याकडे आला आणि गेला. प्लेस्टेशन २ घरी असलेले कमी, आणि पार्लरवाल्याला चालता धंदा बदलायची घाई नव्हती. जुन्या भागाला चिकटून राहण्यात नुकसानच असतं असं मात्र कुणी समजू नये. लाहोरच्या अर्सलान अॅशने २०१९ साली ‘टेकन ७’मध्ये आधी एव्हो जपान आणि मग लास वेगासची एव्हो या मोठ्या स्पर्धा जिंकल्या, तेव्हा जपान-कोरियाच्या खेळाडूंना प्रश्न पडला की हा आला कुठून. तो आला होता अशा शहरातून, जिथे मोठ्या स्पर्धा पोहोचल्या नव्हत्या पण रोज समोर बसून मारणारी माणसं होती. खेळाची खोली समोरच्या माणसातून येते. नव्या भागाने ती आपोआप वाढत नाही.

आता मुद्द्यावर येतो. ‘टेकन ३’पर्यंत या मालिकेची जमीन अनंत होती. सेगाच्या ‘व्हर्च्युआ फायटर’मध्ये ठरावीक रिंगण असायचं आणि त्याबाहेर पडलं की हार. ‘टेकन’ने ते नाकारलं. मागे देऊळ दिसतं, डोंगर दिसतो, पण तुम्ही कितीही मागे सरका, तो डोंगर जवळ येत नाही. पार्श्वभूमी म्हणजे रंगवलेला पडदा. या अनंत जमिनीचे फायदे होते: निव्वळ दोन शरीरं, त्यांच्यातलं अंतर आणि वेळ, बाकी काही नाही. पण तिचा एक मोठा तोटाही होता, आणि खेळ जसा मुरत गेला तसा तो उघडा पडत गेला. माघारीला किंमतच नव्हती. कोरियन खेळाडूंनी मागे सरकण्याची हालचाल मधेच तोडून पुन्हा पुन्हा सुरू करण्याचं एक तंत्र पक्कं केलं, त्यांच्याच नावाने ते जगभर ओळखलं जातं. ते तंत्र येणारा माणूस वारा मागे ओढून नेतो तसा सरकत राहतो. त्याला गाठणार कसं? मागे जागा संपतच नाही.

‘टेकन ४’ने भिंत उभी केली. विमानतळ, मॉल, जमिनीखालचं वाहनतळ, प्रयोगशाळा, पिंजऱ्यासारखं रिंगण: प्रत्येक ठिकाणाला कडा आली. भिंती नॅमकोने शोधल्या असं नाही. सेगाच्या ‘फायटिंग व्हायपर्स’ने १९९५ सालीच लढणाऱ्यांना चार भिंतींत कोंडलं होतं. पण ‘टेकन’सारख्या, मोकळ्या जागेवर वाढलेल्या खेळात भिंत येणं म्हणजे खेळाचा स्वभावच बदलणं. मागे सरकणाऱ्याला आता प्रत्येक पावलाचा हिशेब द्यावा लागणार. भिंतीवर आदळला की तो क्षणभर लुळा पडतो, आणि त्या क्षणात पुढचा मार बसतो.

यातली खरी गंमत कोपऱ्यात आहे. समजा तुमची पाठ भिंतीला लागली आहे. समोरचा पॉल फिनिक्स आहे, ज्याचा एकच नीट बसलेला ठोसा फेरीचा रंग पालटतो. मोकळ्या मैदानात तुम्ही मागे गेला असता. इथे तुमच्याकडे दोन-तीनच गोष्टी उरतात. अडवत बसायचं, धाडस करून आधी मारायचं, किंवा बाजूला पाऊल टाकायचं. बाजूचं पाऊल ‘टेकन ३’मध्येही होतंच, पण तिथे त्याचा उपयोग मार चुकवण्यापुरता. इथे ते पाऊल जमलं आणि तुम्ही त्याच्या कडेने वळलात, की लढाईचा कोन फिरतो आणि आत्तापर्यंत तुमच्या पाठीशी असलेली भिंत त्याच्या पाठीशी जाते. एका पावलात शिकारी आणि शिकार यांची अदलाबदल. चार वर्षांपूर्वी मिळालेल्या हालचालीला भिंतीमुळे दुसरा अर्थ आला. पुढच्या भागाकडून मी मागेन ते हेच. नवं हत्यार देण्यापेक्षा हातातल्या जुन्या हत्याराचं न कळलेलं काम दाखवावं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ‘टेकन ४’ला मालिकेतला सगळ्यात हुशार भाग म्हणायला तयार आहे.

याच विचारातून आणखी एक सोय निघाली. प्रत्येक पात्राला एक अशी पकड दिली की तिचा हेतू इजा करणं नाहीच. समोरच्याला धरून जागा बदलायची किंवा त्याला हव्या त्या दिशेला ढकलायचं. भिंतीच्या खेळात याला किती मोल आहे ते सांगायला नको.

मग घोडं पेंड खातं कुठे? पहिली जागा म्हणजे जमीन. भिंतींबरोबर ‘टेकन ४’ने चढउतारही आणले. समुद्रकिनाऱ्यावर वाळू उंचसखल, जंगलात जमीन वरखाली. चित्रात बघायला हे छान वाटतं, आणि त्या काळी नव्या यंत्राची ताकद दाखवायची हौस सगळ्यांनाच होती. पण मारामारीच्या खेळात मार वरचा, मधला की खालचा आणि समोरच्याचं अंग नेमकं किती उंचीवर आहे, यावर सगळं चालतं. हवेत उडवलेल्या माणसाला खाली पडायच्या आत चार मार द्यायचे तर त्याची उंची हाताला पाठ असावी लागते. तो उतारावर असेल तर तीच मालिका तिसऱ्या मारालाच हुकते. मारणाऱ्याने काही चूक केलेली नसते. मार खाणाऱ्याने काही कमावलेलं नसतं. खेळाडू हरण्यापेक्षा जास्त चिडतो ते अशा, कुणाच्याच कर्तृत्वाने न घडलेल्या गोष्टींवर.

कुस्तीवाल्यांना हा फरक लगेच कळेल. माती आणि गादी यांत पकड बदलते, वेग बदलतो, दम किती पुरवायचा ते बदलतं. महाराष्ट्र केसरीत दोन्हींचे विभाग वेगळे असतात आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. मातीतला मल्ल गादीवर चाचपडला म्हणून गादी वाईट ठरत नाही, तो नवी जागा शिकून घेतो. पण माती असो की गादी, पायाखाली सपाटच. हौद्यात मधेच एक उंचवटा ठेवून ‘आता टाका डाव’ असं कुठल्या वस्तादाने म्हटलेलं ऐकिवात नाही. भिंत म्हणजे गादी होती, शिकून घेण्यासारखी. उतार म्हणजे तो उंचवटा.

यात खटकतं ते असं की हा धडा आयता उपलब्ध होता. ‘व्हर्च्युआ फायटर ३’ने १९९६ सालीच उंचसखल जमिनी आणल्या होत्या, आणि चुकवण्यासाठी एक जादा बटणही. नंतर सेगाने विचार केला आणि ‘व्हर्च्युआ फायटर ४’मध्ये दोन्ही काढून टाकलं, जमीन पुन्हा सपाट केली. हा भाग आर्केडमध्ये कधी आला? २००१ साली. म्हणजे ज्या वर्षी सर्वांत जवळचा प्रतिस्पर्धी हात पोळून मागे फिरला, त्याच वर्षी नॅमकोने त्याच तव्याला हात लावला. शेजारच्याची ठेच आपल्या कामी येऊ नये हे या धंद्यात नवीन नाही, पण इतकं जुळून आलेलं उदाहरण विरळा.

दुसरी जागा म्हणजे हिशेब, आणि ती मला जास्त गंभीर वाटते. भिंत आणायची तर खेळातल्या प्रत्येक माराची किंमत नव्याने लावायला हवी. मोकळ्या मैदानात समोरच्याला लांब उडवणारी लाथ ही एक प्रकारे दयाच असते. तो लांब पडतो, उठतो, श्वास घेतो. तीच लाथ भिंतीजवळ त्याला आदळवते आणि पुढच्या तीन मारांसाठी खिळवून ठेवते. म्हणजे माराची जात बदलली. मग त्यापुढचे मार हळूहळू हलके व्हायला हवेत, भिंतीवरून घसरून सुटायची वाट ठेवायला हवी. मालिकेने हे नंतर केलं. ‘टेकन ४’मध्ये ते कच्चं राहिलं आणि भिंतीपाशी झालेल्या एका चुकीचा भुर्दंड कधीकधी अख्ख्या फेरीइतका व्हायचा. वर पात्रांमधला तोल ढळलेला. काझुयाचा मुलगा आणि हेइहाचीचा नातू जीन काझामा इतका वरचढ होता की गंभीरपणे जिंकायला बसलेला माणूस जीनपाशी येऊन थांबायचा, नाहीतर स्टीव्ह फॉक्सपाशी. भोवती वीसेक पात्रं नुसती सजावटीला.

त्या काळी याला घरच्या घरी उपाय नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं. प्लेस्टेशन २ची डिस्क एकदा छापली की छापली. चूक दुरुस्त करायची तर पुढच्या भागात. आज ‘टेकन ८’च्या काळात चित्र उलटं आहे. २०२५च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या पर्वाचे बदल आले, आक्रमक खेळाला आणखी बळ मिळालं म्हणून खेळाडूंनी स्टीम या ऑनलाइन दुकानावर वाईट शेऱ्यांचा पाऊस पाडला, आणि कंपनीला तातडीने दुरुस्त्या जाहीर कराव्या लागल्या. बरं वाटतं ऐकायला. पण मला यात एक तोटाही दिसतो. महिन्या-दोन महिन्यांनी नियम बदलत असतील तर वाईट कल्पनेचा वाईटपणा जसा टिकत नाही, तसा चांगल्या कल्पनेला मुरायलाही वेळ मिळत नाही. ‘टेकन ४’च्या भिंती लोकांना शिव्या देत का होईना, दोन-तीन वर्षं खेळाव्या लागल्या. त्या शिव्या देता देताच त्यांची सवय झाली. आज त्या पंधरा दिवसांत पाडल्या गेल्या असत्या.

पात्रांच्या बाबतीत मी थोडक्यात सांगतो, कारण इथे भांडण्यासारखं फार नाही. संख्या घटली. आधीच्या ‘टेकन टॅग टूर्नामेंट’मध्ये गर्दी होती, त्यामुळे ही घट जास्त टोचली. एडी गोर्डोला स्वतःची जागाच उरली नाही. त्याच्या गुरूची नात क्रिस्टी मॉन्टेरो आली आणि एडी तिचा एक जादा पोशाख बनून राहिला. पांडाही तसाच, कुमा अस्वलाच्या आडोशाला. अॅना नाही, ओगर नाही. पण जे नवे आले ते अस्सल निघाले. क्रेग मार्डुक हा वाले तुदोचा धिप्पाड मल्ल. आणि स्टीव्ह फॉक्स हा बॉक्सर म्हणून लाथ मारणार नाही, असं ठरवून पायांची दोन बटणं त्याला झुकण्या-डुलण्यासाठी दिली. चार अवयव म्हणजे चार बटणं हा मालिकेचा पायाच एका पात्रापुरता वाकवला आणि तरी खेळणाऱ्याचा गोंधळ उडाला नाही. ही कारागिरी आहे.

कथेकडे मात्र थांबायला हवं, कारण ‘टेकन’ची कथा म्हणजे बहुतेक वेळा निव्वळ धिंगाणा असतो. बापाने मुलाला कड्यावरून फेकलं, मुलाने बापाला फेकलं, बापाने पुन्हा मुलाला ज्वालामुखीत टाकलं, आजोबाने नातवाला गोळी घातली, मधेच अस्वल आणि लाकडी बाहुला. ‘टेकन ४’ने आवाज खाली आणला. स्थिर रेखाचित्रं आणि त्यावर शांत निवेदन एवढ्यावर प्रत्येक पात्राची कैफियत मांडली. सगळ्यात पुढे गेली ती जीनची. आजोबांनी विश्वासघात केलेला, बापाच्या रक्तातून सैतानी वारसा आलेला. तो ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला जातो, मिशिमा घराण्याची विद्या टाकून देतो आणि पारंपरिक कराटे पहिल्यापासून शिकतो. शेवटी होनमारूच्या देवळात बाप आणि आजोबा दोघांना हरवल्यावर, आईची आठवण होऊन आजोबाला जिवंत सोडतो.

हे सगळं निवेदनात ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांनी ते बटणांत उतरवलं. ‘टेकन ३’मधला जीन हातात बसलेला माणूस चौथ्या भागात तीच दिशा, तेच बटण दाबतो आणि वीज येत नाही. तो विजेचा ठोसा गेला. घराण्याची विद्या टाकली म्हणजे टाकली. पात्राने जे सोडलं ते खेळणाऱ्याच्या मनगटातून सोडवून घेतलं. कथा आणि खेळ यांची इतकी एकजीव गाठ मी या प्रकारच्या खेळात क्वचितच पाहिली आहे. आणि नेमकी हीच गोष्ट जीनच्या खेळाडूंना सगळ्यात जास्त झोंबली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चार वर्षं कमावलेली गोष्ट कथेच्या गरजेसाठी काढून घेतली तर माणूस कथेला टाळ्या कशाला वाजवेल? जो जीन वारसा नाकारून रिकाम्या हाताने उभा राहतो, तोच हिशेबाच्या गोंधळामुळे खेळातला सगळ्यात बलाढ्य होऊन बसतो, हा भाग वेगळाच. त्यागाची कथा सांगायची आणि त्याग करणाऱ्यालाच सगळं बक्षीस द्यायचं, यात कथाही पातळ होते.

‘टेकन ५’ आला तो २००४ साली आर्केडमध्ये आणि २००५ साली प्लेस्टेशन २वर. त्याचं स्वागत ‘घरवापसी’ म्हणून झालं, आणि नॅमकोनेही तसंच भासवलं. जुनी पात्रं परत आली, एडीला त्याची जागा मिळाली, पहिल्या तीन भागांच्या आर्केड आवृत्त्याही डिस्कवर घातल्या. चौथा सोडून पहिले तीनच, हे कुणाच्या नजरेतून सुटलं नाही. त्याला जुन्या-नव्याचा सोयीचा हिशेब म्हणा किंवा न बोलता मागितलेली माफी म्हणा. पण प्रत्यक्ष खेळायला बसलं की काय दिसतं? जमीन सपाट झाली, काही मैदानं पुन्हा अनंत झाली, आणि भिंती तशाच राहिल्या. नुसत्या राहिल्या नाहीत, पुढच्या भागांत त्यांच्यावरच इमारत चढली. भिंती फुटायला लागल्या, जमिनी फुटायला लागल्या, सज्जे कोसळायला लागले. आज ‘टेकन’ची स्पर्धा बघताना समालोचक सगळ्यात जास्त ओरडतो तो कुणाची पाठ भिंतीला लागली की. ज्या कल्पनेवर चौथा भाग बदनाम झाला तिच्यावर पुढचे सगळे भाग जगले, आणि श्रेय गेलं ‘मूळ स्वभावाकडे परतलेल्या’ पाचव्याला.

जीनची अडचण पाचव्याने ज्या चतुराईने सोडवली तिला मात्र दाद द्यायला हवी. कराटेवाला जीन ठेवला, आणि सैतानी रक्ताच्या ताब्यात गेलेला डेव्हिल जीन हे वेगळं पात्र करून त्याच्या हाती ‘टेकन ३’मधली मिशिमा विद्या परत दिली. ज्याला त्याग हवा त्याने त्याग घ्यावा, ज्याला वीज हवी त्याने वीज घ्यावी. कथेतही बसलं आणि मनगटांनाही न्याय मिळाला. पाचवा भागही तोलाच्या बाबतीत धुतल्या तांदळासारखा नव्हता. काही पात्रं इतकी वरचढ निघाली की आर्केडमध्ये ५.१ ही सुधारित आवृत्ती आणावी लागली. पण त्याला माफी मिळाली. चौथ्याने खेळाडूंना आधी दुखवलं होतं, म्हणून पाचव्याला ते सगळं चालून गेलं, हे माझं मत. पुढच्या भागाची किंमत कितीदा त्याच्या आधीच्या भागावरून ठरते!

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं, तसं काही बाबतींत नॅमकोने नंतर जरा जास्तच फुंकलं. जागा बदलण्याची ती पकड सगळ्यांच्या हातून गेली. खरं तर भिंती जसजशा जीवघेण्या होत गेल्या तसतशी तिची गरज वाढत गेली होती. आज भिंतीपाशी कोंडलेल्या माणसाला सुटायचं तर ताकद खर्च करणारे भारी उपाय देतात, चमकदार दृश्यं देतात, पडदा झळाळून उठतो. २००१ साली त्याच कामासाठी एक साधी पकड होती. समोरच्याला धरायचं, फिरवायचं आणि त्याची पाठ भिंतीकडे करून सोडून द्यायचं. ती चुकली तर मार तुमच्या वाट्याला, जमली तर कोपरा त्याच्या वाट्याला. नव्या भागात एक जुनी गोष्ट परत आणा असं मला कुणी विचारलं, तर मी एडी मागणार नाही, अनंत मैदान मागणार नाही, ती पकड मागेन.